उसन्या अभ्यासाचे सत्कार

आपल्या मंडळांत दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, एखादे पेन आणि टक्केवारीचा खणखणीत उच्चार. अमक्यांच्या नातीस ९२ टक्के, तमक्यांचे चिरंजीव विद्यापीठात तिसरे. टाळ्या वाजतात. हे गुण कोणत्या अभ्यासातून आले, हे मात्र कोणत्याही व्यासपीठावरून विचारलेले आम्ही ऐकलेले नाही. विचारले तर उत्तर अडचणीचे येईल. भंवरकुआंच्या कोचिंगमधल्या तयार नोट्स, खजूरी बाजारातली आठवड्यात विषय उरकणारी गाइडे, आणि अलीकडे मोबाइलने क्षणात लिहून दिलेली उत्तरे. यात विद्यार्थ्याचे स्वतःचे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. त्याचा रोख मुलांपेक्षा आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांकडे अधिक आहे. वाचकांनी राग मानू नये.

कारण गाइडाचे पैसे आपणच देतो. पहाटे चारला उठल्यावाचून विद्या येत नाही, हे फर्मानही आपलेच. रात्री अकरानंतर ज्याचे डोके चालते त्याला आपण आळशी ठरवतो. येरझाऱ्या घालत स्वतःशी बोलणाऱ्या मुलीला एका जागी बसवतो. शाळेत हे खपून जाते, कारण तेथे धडा ठरलेला आणि प्रश्नही ठरलेले. विद्यापीठात अभ्यासक्रमाचा कागद हाती येतो, संदर्भग्रंथांची यादी मिळते आणि पुढचे सारे विद्यार्थ्यावर सोडलेले असते. किती वाचायचे, काय वगळायचे, केव्हा थांबायचे, हे त्यानेच ठरवायचे. हे ठरवण्याची सवय ज्याला कधी लागूच दिली नाही, तो अठराव्या वर्षी ती कोठून आणणार?

आमचे म्हणणे केवळ वृद्धांचे सुस्कारे आहेत असे कोणास वाटेल, म्हणून थोडा पुरावा देतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. एका बैठकीत रेटण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी कमी श्रमांत टिकते, हे त्याने तेव्हाच दाखवले होते. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना शेकडा ४२ आठवले आणि कोऱ्या कागदावर झगडलेल्यांना शेकडा ५६. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. त्यांत ओळींखाली रेघा मारणे आणि पुनःपुन्हा वाचणे या दोन्ही अल्प उपयोगाच्या ठरल्या. आपल्या घरांत जोर असतो तो नेमका या दोहोंवर.

येथे कोणी म्हणेल की पाठांतर ही तर आपली परंपरा. परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी ती नीट पाहावी. वेदपाठकांनी पद, क्रम, जटा, घन अशा रीती रचल्या त्या शब्द पुढेमागे फिरवून उच्चारातली चूक जागीच सापडावी म्हणून. स्वतःची परीक्षा त्या रचनेतच होती. गाइडाच्या घोकंपट्टीत ती नसते. आणि मंत्राचा ध्वनी जपणे हे जटा-घनांचे प्रयोजन अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेला लागूही नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. प्रश्न तेच ते येतात, गाइड वाचणारा उत्तीर्ण होतो, मग हा खटाटोप कशाला? उत्तीर्ण होतो, हे आम्ही नाकारत नाही. परंतु सरकारी कचेरीत आयुष्य घालवल्यामुळे पुढचे दृश्यही आम्ही पाहिले आहे. नोटशीटवर मागील टिपणाचीच भाषा उतरवून खाली सही करणारे पदवीधर, आणि प्रकरण वाचून चार ओळींत स्वतःचे मत मांडणारे पदवीधर, असे दोन वर्ग प्रत्येक कार्यालयात असतात. पहिल्या वर्गाकडे गुणपत्रिका कमी दर्जाच्या नसतात, हे विशेष.

आपल्या घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. आपला विद्यार्थी घरी मराठी बोलतो, वर्गात हिंदी ऐकतो, ग्रंथ इंग्रजीत वाचतो. आपण याला तिहेरी ओझे म्हणतो. आमच्या मते ते ओझे नव्हे, अभ्यासाचे साधन आहे. अर्थशास्त्राच्या हिंदी गाइडात ‘अवसर लागत’ ही संज्ञा आणि तिची दीड ओळीची व्याख्या असते. मुलगा ती पाठ करतो आणि पुढच्या पानावर जातो. तोच मुलगा पुस्तक मिटून आजीला मराठीत सांगू लागला, की माळव्यातल्या शेतकऱ्याने एका एकरात सोयाबीन पेरले म्हणजे त्या हंगामात त्याच एकरात मका घेण्याची संधी गेली, आणि मक्यातून जे हाती आले असते ते या सोयाबीनचे खरे मोल, तर त्याला संज्ञा कळली आहे. आजीने मध्येच “मग त्याने मकाच का नाही लावला?” असे विचारले आणि तो अडला, तर कोठे कळलेले नाही तेही कळले. व्याख्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायची तर शब्द मागे ठेवून अर्थच उचलावा लागतो. एकभाषी विद्यार्थ्याला ही सोय विकतही मिळत नाही. आपली मुले तिच्यासह जन्मतात आणि ‘मराठीचा कॉलेजात काय उपयोग’ या आपल्याच वाक्याने ती गमावतात. मराठी टिकवण्याच्या सभा भरवणाऱ्यांनी हे वाक्य आधी आपापल्या स्वयंपाकघरातून हद्दपार करावे.

पद्धत ज्याची त्याने शोधावी. कोणी आकृत्या काढील, कोणी मित्राला शिकवील, कोणी विषयाचे प्रश्न स्वतः तयार करील. पहिल्या सहामाहीत यांतले काही फसेल, गुण घसरतील. तेवढे घसरू देण्याचे धैर्य घरच्यांना हवे; ते नसते म्हणून पुन्हा कोचिंगची फी भरली जाते.

म्हणून आमची मंडळांच्या कार्यकारिणींना सूचना आहे. येत्या सत्काराच्या अर्जासोबत गुणपत्रिकेची प्रत मागता, तशी विद्यार्थ्याने स्वहस्ते केलेल्या टिपणांची एक वहीही मागा. ती कोणत्याही भाषेत असो, खाडाखोडीची असो. व्यासपीठावर त्याला टक्केवारीऐवजी त्या वहीतला एक प्रश्न पाच मिनिटे मराठीत समजावून सांगू द्या. अर्ज कमी येतील. तेवढ्या शाली वाचतील, त्यांतून वाचनालयासाठी पाठ्यविषयांचे मूळ ग्रंथ घ्यावेत.