विश्लेषण : कबड्डीत चढाईपटू आणि बचावपटू एकमेकांना कसे हलवतात?

हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेतील भारत-इराण पुरुष कबड्डी अंतिम सामना (७ ऑक्टोबर २०२३) अखेरच्या मिनिटांत २८-२८ असा बरोबरीत होता. पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला आणि त्याला रोखायला निघालेले इराणचे बचावपटूही मागोमाग लॉबीत गेले. बाद केवळ चढाईपटू की बचावपटूही, यावरून खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारताने ३३-२९ असे सुवर्ण जिंकले. वाद नियमाचा होता. पण बचावपटू मागे गेलेच का?

एकाच दोरीने बांधलेले?

टेनिस आणि स्क्वॉशमधील अभ्यासकांनी दोन प्रतिस्पर्ध्यांच्या हालचाली एकत्र मोजल्या आहेत. टेनिसमध्ये चेंडू तिरका मारला जात असेल तर दोघे विरुद्ध बाजूंना, सरळ रेषेत मारला जात असेल तर एकाच बाजूला झुकतात. दोघांत ठरावीक लय तयार होते. ती टिकते तोवर रॅली चालते. ती मोडली की गुण मिळण्याची संधी उघडते.

कबड्डीत हे कसे दिसते?

इथे एकासमोर सात जण असतात. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकला, की तिथला कोपरारक्षक मागे हटतो आणि पलीकडची बाजू पुढे येऊन त्याची परतीची वाट अडवू पाहते. हात धरलेल्या साखळ्या याच कामासाठी. एका जोडीदाराचे पाऊल अर्ध्या क्षणाने चुकले, तरी फट पडते.

मग गुण कुठून येतो?

चढाईला वेळ ३० सेकंद. त्यात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदान रेषा एकदा तरी ओलांडावी लागते किंवा बचावपटूला स्पर्श करावा लागतो. चढाईपटू आधी संथ हालचालींनी बचावफळीला आपल्या लयीची सवय लावतो आणि मग हुलकावणी देऊन तीच मोडतो. मुरलेला कोपरारक्षकही तेच करतो. मागे हटतोय असे भासवून चढाईपटूला आत ओढतो आणि घोटा पकडतो.

पुढे काय?

हांगझोऊतील इराणी बचावपटूंनी आयुष्यभर गिरवलेलेच केले : चढाईपटू जाईल तिकडे जा. त्याच सवयीने त्यांना रेषेबाहेर नेले. म्हणून लॉबीचा नियम लीगमध्ये आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकच असणे ही केवळ पंचांची सोय नव्हे. कुठवर पाठलाग करायचा, हे खेळाडूंच्या पायांना सरावातच कळावे लागते; सुवर्णपदकाच्या चढाईत विचार करायला वेळ नसतो. गुणफलकावर मात चढाईचा गुण एकाच्याच नावावर लागतो. तो समोरच्या सातांच्या हालचालींतूनही घडलेला असतो, हे आकड्यांत दिसत नाही.