मूर्तीखालचा रंग

पाना-पक्कड / फिटर

दसऱ्याला गाडी धुवायला घेतली आणि डॅशबोर्डवरची साईबाबांची मूर्ती काढली. आईने शिर्डीहून आणलेली, दुतर्फी टेपने चिकटवलेली, बारा वर्षं जागची न हललेली. टेप कर्रकर्र करत सुटली आणि खाली बोटभर चौकोन निघाला, काळाभोर. गाडी घेतली तेव्हा अख्खा डॅशबोर्ड असा होता हे मी पार विसरलो होतो. बाकीचा आता चुलीतल्या राखेसारखा दिसतो. चौकोनाच्या शेजारी उदबत्तीने पडलेला डाग, गव्हाच्या दाण्याएवढा, कडा वितळून वर आलेल्या.

“हे सगळं एकदा रंगवूनच टाकतो,” मी म्हणालो.

“भिंत आहे का ती?” आई म्हणाली.

तिचं बरोबर होतं, पण ते कळायला मला दोन डबे स्प्रे आणि तीन रविवार लागले.

रंगाच्या आधी मळाचं बोलू. आपल्याकडे गाडी वर्षभर उन्हात उभी असते. मे महिन्यात दुपारी बंद गाडीतल्या डॅशबोर्डवर तळहात टेकवता येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थर भुसभुशीत होतो, पांढरट दिसतो. मग आपण काय करतो? सिग्नलवर किंवा पेट्रोल पंपाजवळ मिळणारं चकचकीत पॉलिश आणून फासतो. त्यात बहुधा सिलिकॉनचं तेल असतं. त्यावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा पॉलिश, पॉलिशवर पुन्हा धूळ. माझ्या दाराच्या पॅडला कोमट पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश लावला तर चहासारखं पाणी निघालं आणि खालचा राखाडी रंग बऱ्यापैकी शाबूत होता. माझं मत विचाराल तर रंगवायला काढलेल्या निम्म्या गाड्यांना रंग नको असतो, आंघोळ हवी असते.

तरी मी रंगवलंच. चालकाच्या दाराला काच वर-खाली करायच्या बटणांची चौकट असते, ती नखांनी खरवडून पांढरी पडली होती. चौकट काढली, पुसली, मॅट काळ्या रंगाचे दोन जाड हात मारले. संध्याकाळपर्यंत शोरूममधून आणल्यासारखी दिसत होती. चौथ्या दिवशी अंगठीचा कोपरा लागला आणि रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा अखंड निघून आला. पापुद्र्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा दाणासुद्धा उमटलेला, साच्यातून काढावा तसा. चिकटला मात्र कुठेच नव्हता.

आमच्या नगरला केडगावच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यात काम करणारा एक रंगारी ओळखीचा आहे. स्प्रे गन हातात घेतली की हा माणूस मूर्तीच्या गालावर गुलाबी छटा अशी सोडतो की कुठे सुरू झाली ते सापडत नाही. त्याला पापुद्रा दाखवला. तो हसला. “प्लास्टर रंग पितं. हे पीत नाही. न पिणाऱ्याला आग्रह करून काय उपयोग?”

हे सगळ्या प्रकरणाचं मूळ. काढलेला भाग उलटा करा. मागे बहुतेक वेळा बाणाच्या दोन टोकांमध्ये बारीक अक्षरं कोरलेली असतात. ‘एबीएस’ असेल तर नशीब चांगलं. हेल्मेटचं कवच पुष्कळदा याचंच असतं. त्यावर रंग धरतो, पण एनसी थिनरने ते स्वतःच विरघळायला लागतं, म्हणून पुसायला थिनर नको, आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. आणि अक्षरं ‘पीपी’ असतील तर सावध. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हॉटेलातून आमटीचं पार्सल येतं तो डबा पुष्कळदा याचाच. स्वभाव मेणासारखा, पाणी टाकलं तर थेंब गोळा होऊन बसतात, पसरत नाहीत. जिथे पाणी पसरत नाही तिथे रंग काय पसरणार! माझ्या चौकटीमागे ‘पीपी-टीडी२०’ होतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये 20 टक्के शंखजिऱ्याची पूड. अशा प्लास्टिकवर रंगाआधी अॅडहीजन प्रमोटर नावाचा पारदर्शक पातळ हात मारावा लागतो. त्यातलं क्लोरीन जोडलेलं राळेसारखं द्रव्य एका अंगाने पीपीला धरतं आणि दुसऱ्या अंगाने रंगाला. सोयरीक जुळवणारा मध्यस्थच म्हणा ना. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात ‘प्लास्टिक प्रायमर’ म्हणून मागितलं तरी देतात. पीपीला चालतं का तेवढं विचारून घ्या.

दुसऱ्या खेपेला चौकटीला साबण, मग अल्कोहोल, मग 600 नंबरचा पाणी-पेपर हलक्या हाताने, पुन्हा अल्कोहोल आणि शेवटी तो प्रमोटर. सिलिकॉनचा एक टिपूस राहिला तरी रंग तिथून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. मला असे दोन पडले, दोन्ही अंगठा टेकला होता तिथे. रंगाच्या डब्याला पहिल्या हाताची घाई असते, तुम्हाला नसावी. पहिला हात एवढा विरळ की खालचा जुना रंग दिसत राहिला पाहिजे. वीतभर अंतरावरून, भाग सुरू व्हायच्या आधी फवारा सुरू आणि संपल्यावर बंद. दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. मग आठवडाभर हात लावायचा नाही. हेच सगळ्यात अवघड. कामाची वेळ सकाळची. दुपारी आपल्याकडे वारा सुटतो आणि सगळ्या गल्लीची धूळ ओल्या रंगावर येऊन बसते. पावसाळ्यात तर नकोच. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि काळा रंग दुधाळ होतो.

हार्डनर घालून मारायचा दोन-घटकी रंग मात्र घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही.

इथवर वाचून कोणी अख्खा डॅशबोर्ड रंगवायला निघाला असेल तर थांबा. माझा नियम सोपा आहे: जे स्क्रू काढून टेबलावर ठेवता येतं तेवढंच रंगवायचं. दाराची चौकट, गिअरभोवतीची पट्टी, एसीच्या झरोक्याची कड. डॅशबोर्ड जागेवर ठेवून फवारला तर काचेवर, घड्याळावर, सीटवर सगळीकडे धुरळा. शिवाय एअरबॅग. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, पुढे शेजारच्या सीटचीही झाली. स्टिअरिंगच्या मधलं आणि डॅशबोर्डचं झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावं अशी ती रचना असते. त्यावर ना रंग, ना स्टिकर, ना मूर्ती.

आणि चकाकीचा मोह. आपल्याला आरशासारखा काळा किंवा सरळ पांढराशुभ्र डॅशबोर्ड हवा असतो. नगरकराला याचं उत्तर रणगाडा संग्रहालयाच्या वाटेवर सापडायला हरकत नाही. 1994 पासून ते आपल्या गावात आहे, पण आपण पाहुणे आले की जातो. दुसऱ्या महायुद्धातले पुष्कळ रणगाडे बाहेरून मातकट किंवा हिरवे आणि आतून पांढरे असत, कारण झाकणं लावल्यावर आतल्या माणसांना मिळेल तेवढ्या उजेडात दिसलं पाहिजे. गाडीत गरज उलटी. समोर एवढी मोठी काच, तिच्यात डॅशबोर्डचं प्रतिबिंब पडलं की समोरचा ट्रॅक्टर दिसेनासा होतो. म्हणून काचेखाली गडद आणि मॅट.

एक बरं आहे, आरटीओचा संबंध नाही. बाहेरचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, तो बदलला तर नोंद करावी लागते. आतला रंग सरकार विचारत नाही. आणि ज्या गावात 1972 साली लुना मोपेड जन्माला आली त्या गावातल्या माणसाने स्क्रू ड्रायव्हर धरायला परवानगी कशाला मागायची?

चौकट आता बसवली आहे. एका क्लिपेचा कान तुटला, तो टेपने भागवला. डॅशबोर्ड तसाच आहे, राखेच्या रंगाचा, मध्ये काळा चौकोन आणि उदबत्तीचा डाग. परवा गाडीत बसताना आईने पिशवीतून मूर्ती काढली, नवी टेप लावली, चौकोनावर नेमकी टेकवली आणि अंगठ्याने दाबून धरली. मग थोडी उजवीकडे सरकवली. डागही झाकला गेला.