अंधार वस्तीतच जास्त का मुक्काम करतो?

मागच्या पावसाळ्यात मी काम करतो त्या गावात वादळाने विजेचे खांब पडले. गावठाणात तिसऱ्या दिवशी लाईट आली, आपल्या वस्तीत सहाव्या दिवशी. वस्तीची डीपी ओढ्यापलीकडे. टाकीत पाणी चढेना, म्हणून बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या विहिरीवर गेल्या. दम्याच्या एका आजीला नेब्युलायझरसाठी रात्री तालुक्याला न्यावं लागलं. मी ग्रामपंचायतीत विचारलं, "दुरुस्तीच्या यादीत वस्ती शेवटी का?" उत्तर मिळालं, "यादीच नाही. ज्याचा फोन आधी, त्याचं काम आधी."

मित्रांनो, प्रश्न इथेच आहे. जिथे लेखी नियोजन नसतं, तिथे वशिला हेच नियोजन असतं. आणि वशिल्याची जात कोणती, हे तुम्हाला सांगायला नको.

वीज जाणार, हे गृहीतच धरलं पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईसारखं शहर अंधारात गेलं, लोकल थांबल्या. त्याच वर्षी ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. एप्रिल २०२२ मध्ये विजेची टंचाई झाली, तेव्हा जास्त हानी आणि कमी वसुलीच्या फीडरवर भारनियमन आलं. म्हणजे त्या फीडरवर वेळेत बिल भरणारी विधवा बाईही अंधारात. कायद्याप्रमाणे थकबाकीदाराची वीज तोडायची तर त्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण फीडरच्या हिशोबात माणूस दिसत नाही, वस्ती दिसते. सामूहिक शिक्षेची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचं खातं त्यांच्याकडे होतं. स्वस्त आणि मुबलक वीज हा त्यांच्या दृष्टीने गरिबीतून बाहेर पडण्याचा रस्ता होता. आपण १४ एप्रिलला रोषणाई करतो, पण वीज-नियोजनाचा त्यांचा वारसा मात्र विसरतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार स्थानिक प्राधिकरणाने आपली साधनसामग्री वापरायला तयार ठेवायची असते. मग ग्रामपंचायतीने, नगरपरिषदेने काय करावं?

एक, यादी करावी. घरात ऑक्सिजन यंत्र, नेब्युलायझर, इन्सुलिन कोणाला लागतं, बाळंतपण कोणाचं जवळ आलंय, ही नोंद आशाताईंकडून वस्तीनिहाय घ्यावी.

दोन, पाणी. वादळाचा इशारा आला की टाकी आधी भरावी. वस्तीतला हातपंप मे महिन्यातच दुरुस्त करावा. जनरेटर कोणाकडून, किती भाड्याने, हे आधीच ठरवावं.

तीन, उपकेंद्र. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. लाईट लांबली तर त्या कुठे हलवायच्या, हे लिहून भिंतीवर लावावं.

चार, समाजमंदिरावर सोलर आणि बॅटरी. चार दिवे, मोबाईल चार्जिंग आणि नेब्युलायझरपुरती सोय झाली तरी मोठा आधार होतो.

पाच, दुरुस्तीचा क्रम वीज कंपनीच्या शाखा अभियंत्यासोबत बसून आधी ठरवावा: दवाखाना, पाणी, मग डीपीनिहाय घरं. त्यात वस्तीच्या डीपीचा क्रमांक कितवा, हे ग्रामसभेत वाचून दाखवावं.

"पैसा कुठून आणायचा?" असं सरपंच विचारतील. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. जिल्हा परिषदेचा २० टक्के सेस फंड आहे, वस्ती विकासाची योजना आहे. हा पैसा कमानी आणि पेव्हर ब्लॉकमध्ये किती गेला, हे एकदा माहिती अधिकारात मागा.

खरी अडचण आपलीही आहे. ग्रामसभेला आपण जात नाही, गेलो तर मागे बसतो. तिथे ठराव मांडायला जेवढी हिंमत लागते, तेवढी मोर्चात लागत नाही, कारण मोर्चात आपण हजार असतो आणि ग्रामसभेत पाच.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला पाच जण जा. एकच ठराव लेखी द्या: "वीज खंडित झाल्यास गावाचा आराखडा." पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. ती आजी या पावसाळ्यातही आपल्याच वस्तीत राहणार आहे.

जय भीम!