रिकाम्या सीटमागची माणसं

२० डिसेंबर २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली, सिग्नल विझले आणि वेमोच्या चालकाविना धावणाऱ्या कितीतरी टॅक्सी भर चौकात खोळंबल्या. बंद सिग्नल कसा ओलांडायचा हे त्यांना शिकवलेलं होतं. तरी काही गाड्या खात्रीसाठी दूर बसलेल्या माणसांना विचारत होत्या, आणि एकाच वेळी इतके प्रश्न आले की उत्तरं तुंबली. म्हणून या गाड्या स्वयंचलित नाहीतच, हे मला पटत नाही. स्टिअरिंग आणि ब्रेक गाडीच सांभाळते, माणूस कॅमेऱ्यातून बघून सल्ला देतो. टेस्लाने जून २०२५मध्ये ऑस्टिनला अशीच टॅक्सीसेवा सुरू केली तेव्हा मात्र पुढच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवला होता. दोन्हींना एकाच माळेत ओवणं ही प्रवाशाची दिशाभूल आहे. अशाच टॅक्सी चालवणाऱ्या क्रूझ कंपनीच्या प्रमुखाने २०२३मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या गाड्या दोन ते चार टक्के वेळ दूर बसलेल्या माणसांची मदत घेतात. हा आकडा, आणि उत्तर यायला किती सेकंद लागले तेही, प्रत्येक कंपनीने नियमित जाहीर केलंच पाहिजे. कारण उत्तर उशिरा आलं तर अडलेल्या गाडीमागे आगीचा बंबही अडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन दलाने ही तक्रार २०२३मध्येच केली होती.