डिप्लोमावाला पंतप्रधान

एक सोपा जी.के.चा प्रश्न. सिव्हिल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला भारताचा पंतप्रधान कोण? आठवत नाही ना? एच. डी. देवेगौडा! नाव सांगितलं की बहुतेकांना आठवतात ते त्यांचे डोळे मिटलेले फोटो. बास, एवढंच.

आता जरा पुढचं ऐका. १९३३ साली कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात, हरदनहळ्ळी नावाच्या खेड्यात एका भातशेती करणाऱ्या घरात हा माणूस जन्मला. हासनच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा, मग शेती आणि छोटी-मोठी कंत्राटं. १९६२ मध्ये होळेनरसीपूरमधून अपक्ष आमदार. आणीबाणीत तुरुंगवास. पुढे राज्यात पाटबंधारे मंत्री झाले आणि १९८७ मध्ये सिंचनाला पुरेसा पैसा देत नाहीत म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बजेटमधल्या एका आकड्यासाठी खुर्ची सोडणारा मंत्री! १९९४ च्या डिसेंबरमध्ये मुख्यमंत्री, आणि १ जून १९९६ ला थेट पंतप्रधान.

हिंदी नीट येत नव्हतं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून कन्नड लिपीत लिहून घेतलेलं हिंदी भाषण त्यांनी वाचलं. त्याच्यावर विनोद झाले. पण मला विचाराल तर पासष्टीला टेकलेल्या माणसाने सगळ्या देशासमोर नवी भाषा बोलायला हिंमत लागते. आपल्याला तर व्हायवाला घाम फुटतो!

सरकार तेरा पक्षांचं, वरून काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा. तो निघाला आणि एप्रिल १९९७ मध्ये सरकार पडलं. अकरा महिनेसुद्धा झाले नाहीत. पण तेवढ्यात गंगेच्या पाण्याचा बांगलादेशबरोबर ३० वर्षांचा करार झाला. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा लोकसभेत मांडलं गेलं. आसामात ब्रह्मपुत्रेवरच्या बोगीबील पुलाची पायाभरणी झाली. जवळजवळ पाच किलोमीटरचा हा रेल्वे-रस्ता पूल २०१८ मध्ये सुरू झाला. पाया घालणारा कोण हे तोपर्यंत किती जणांच्या लक्षात होतं?

मी स्वतः कॉन्व्हेंटची. माझं इंग्रजी बरं, म्हणून प्रत्येक प्रेझेंटेशनला मला पुढे करतात. डायरेक्ट सेकंड इयरला आलेला 'डिप्लोमावाला' मात्र मागे उभा. थिओडोलाइट त्याने लावलेला असतो, रीडिंग्ज त्याची असतात, टाळ्या मला. मार्कसुद्धा! हे बरोबर नाही. फाडफाड बोलणं आणि काम येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवेगौडांना हसणाऱ्यांनीही हीच गल्लत केली असं मला वाटतं.

पण म्हणून 'शेतकऱ्याचा मुलगा' म्हटलं की सगळं माफ, हेही मला पटत नाही. राजकारणात हे लेबल फार स्वस्त झालंय. देवेगौडांनी पुढे पक्षाची वाटणी शेताच्या बांधासारखी घरातच केली. मुलगे मंत्री, त्यातला एक मुख्यमंत्री. २०१९ मध्ये हासनची आपली जागा त्यांनी नातवाला दिली, दुसऱ्या नातवाला मंड्यातून उभं केलं आणि स्वतः तुमकूरला हरले. हासनच्या त्याच नातवाला, प्रज्वल रेवण्णाला, २०२५ मध्ये बलात्काराच्या खटल्यात जन्मठेप झाली. गुन्हा नातवाचा, पण तिकीट आजोबांच्या पक्षाचं होतं. १९६२ मध्ये कुणाच्याही तिकिटाशिवाय निवडून आलेल्या माणसाच्या पक्षात, घराबाहेरच्या शेतकऱ्याच्या पोराला जागा किती उरली?

थोडक्यात काय, तर माणूस जोखताना त्याचा पेहराव, भाषा बाजूला ठेवा आणि त्याची जात, त्याची मातीसुद्धा बाजूला ठेवा. त्याने पाणी कुठे पोचवलं, पूल कुठे बांधला आणि खुर्ची कुणासाठी राखली, ते बघा. हा हिशोब मांडला तर देवेगौडा हास्यास्पदही ठरत नाहीत आणि संतही नाहीत. आपण होणार इंजिनिअर. निदान आपण तरी स्ट्रक्चर तपासताना फक्त रंग बघू नये!