चोर कोणाला करायचं?

दिवाळीच्या सुट्टीत भरवेलीहून भाचीचा फोन आला. "मामा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी क्राइम सिरीयलचा एक भाग करायचा आहे. 12 मिनिटांचा. स्क्रिप्ट पाठवते, वाच ना!"

स्क्रिप्ट आली, चांगली 40 पानांची. दोन खून, मोटरसायकलवरून पाठलाग, रात्रीच्या पावसातली मारामारी आणि शेवटी खाणीत स्फोट. साधारण एका पानाला पडद्यावर एक मिनिट लागतं, म्हणजे 12 मिनिटांना 12 पानं. बाकीची 28 पानं हसत हसत फाडावी लागली.

आपल्याकडे गुन्हेकथा टीव्हीवर कशी रुजली, ते मी तिला सांगितलं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेरा शिकलेले बी. पी. सिंग तिथे कॅमेरामन होते. पुढे त्यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' केली. 100 हा पोलिसांचा फोन नंबर, म्हणून ते नाव. गोष्टी मुंबई पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेल्या. याच सिंगांनी 1998 साली 'सीआयडी' सुरू केली. बँकेत नोकरी केलेले आपले शिवाजी साटम त्यात एसीपी प्रद्युम्न झाले आणि घराघरात पोचले.

2004 साली सिंगांनी 'सीआयडी'चा 111 मिनिटांचा एक भाग न थांबता, एकाच शॉटमध्ये चित्रित केला. नंतर काटछाट करायची सोयच नाही. कोण कुठून येणार, दिवा कुठे असणार, माईक कुठे लपणार, हे सगळं कॅमेरा सुरू होण्याआधीच ठरलेलं हवं. भाचीला म्हटलं, तुमची चार दिवसांची शूटिंगही आधी कागदावरच होऊ दे.

मग पोरांनी कागद केला. जागा तीनच: मंडळाचा हॉल, एक स्वयंपाकघर आणि कॉलनीतला रस्ता. गोष्टीच्या क्रमाने नाही, जागेच्या क्रमाने शूटिंग. स्वयंपाकघरातला पहिला आणि शेवटचा प्रसंग एकाच सकाळी. प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर फोटो, म्हणजे शर्टाची बाही दुमडलेली होती की सोडलेली, यावर भांडण नको. आवाजासाठी दुसरा मोबाइल टेबलावरच्या फुलदाणीमागे, पंखा आणि फ्रिज बंद. हॉलमध्ये कोणी न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. एडिटिंगमध्ये संवादांच्या फटी बुजवायला तीच कामी येते.

खाण मात्र सोडावी लागली. भरवेलीची मँगनीज खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. तिथे परवानगीशिवाय कॅमेरा घेऊन फिरणं हा पोरखेळ नव्हे. पण खाणीतली एक गोष्ट पोरांना आयती मिळाली. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीचा दिवा मिळतो, वर आल्यावर तो परत करायचा असतो. दिवा परत आला म्हणजे माणूस वर आला. तपासासाठी याहून चांगला धागा कोणता? खाणीत न जाता, नुसत्या संवादातून खाण गोष्टीत आली.

वर्दीचाही प्रश्न होता. रस्त्यावर पोलिसाचा वेश आणि खेळण्यातलं पिस्तूल दिसलं, तर लोक घाबरणार. 'सीआयडी'तले अधिकारीही साध्याच कपड्यांत असतात, हे आठवलं आणि प्रश्न सुटला. तरीही शूटिंगची तारीख आणि वेळ लिहून जवळच्या ठाण्यात अर्ज द्यायला मी सांगितलं.

खरी अडचण आली ती वेगळीच.

नव्या गोष्टीत गणपतीनंतरच्या हिशोबाच्या बैठकीआधी वर्गणीची पेटी गायब होते. चोर कोण? पोरांनी बाहेरून आलेल्या एका कंत्राटी मजुराला चोर केलं होतं. ही भूमिका ज्याला दिली, त्याचे वडील खरोखरच कंत्राटी कामावर आहेत. वाचनाच्या दिवशी तो म्हणाला, "शूटिंग झाल्यावर तुम्ही घरी जाल अन् मी वस्तीत चोरच राहीन ना!"

भाचीने रात्री फोन केला. तिला वाटत होतं, तो उगाच मनाला लावून घेतोय. मी विचारलं, "चोर तोच का, हे तुम्ही कधी ठरवलंत?" ती गप्प झाली. ठरवलंच नव्हतं. बैठकीत पहिलं नाव सुचलं ते त्याचं, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मुंबईसारख्या शहरात पडद्यावरचा चोर कोणीही असू शकतो. कॉलनीत तसं नसतं. त्यात आपल्याकडे आडनाव उच्चारलं की गाव, जात आणि नातेवाईक सगळेच बाहेर येतात. कोणाचं नाव आधी सुचतं, यातून लिहिणाऱ्याचंही थोडं कळतं. हे मुलांना मी सांगून पटलं नसतं. त्या मुलाच्या एका वाक्याने पटलं.

चौघांनी पुन्हा बसून लिहिलं. संशय मजुरावरच येतो. सगळं मंडळ त्याच्या दारात जाऊन उभं राहतं. तो सांगतो, मी त्या वेळी खाली होतो. दिव्याची नोंद पाहिल्यावर ते खरं निघतं. पैसे कोषाध्यक्षांनीच घेतलेले असतात, बायकोच्या औषधपाण्यासाठी, परत ठेवायच्या विचाराने. शेवटच्या प्रसंगात हॉल भरलेला आहे आणि मजुराची माफी कोणी मागायची, हे कोणालाच कळत नाही. सगळ्या पात्रांना फक्त पहिली नावं. मजुराची भूमिका त्याच मुलाने केली, या वेळी आपणहून.

चार दिवसांचे पाच दिवस झाले. एका सकाळी शेजारच्या कुकरच्या शिट्टीने तीन शॉट वाया गेले. शेवटी 12 ऐवजी 13 मिनिटांचा भाग तयार झाला आणि मंडळाच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर दाखवला गेला.

दिवे लागल्यावर आमच्या मंडळाचे खरे कोषाध्यक्ष काका उठले. सगळ्यांना वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, "माफीचा सीन लवकर संपला. जरा लांबवायला पाहिजे होता."

भाची आता दुसरा भाग लिहिते आहे. चोर अजून ठरलेला नाही.