टेप विकायची नाही

शनिवारी रात्री पुन्हा ग्रेटफुल डेडची ८ मे १९७७ ची कॉन्सर्ट लावली, कॉर्नेल विद्यापीठातली. रूममेट वैतागला, "तेच ते काय ऐकतोस?" अरे, ही माणसं एकच गाणं दर रात्री वेगळं वाजवायची!

ही टेप बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेली. १९८६ मध्ये भाडं थकलं म्हणून गोदामातल्या त्यांच्या टेप्स चक्क लिलावात गेल्या. अधिकृत अल्बम आला थेट २०१७ साली! तोवर कॉन्सर्ट जगवली ती फुकट कॉप्या वाटणाऱ्या चाहत्यांनी. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, बॅकअप. ह्याला सरसकट पायरसी म्हणणं मला तरी पटत नाही. बँडने १९८४ पासून टेपवाल्यांना वेगळी जागाच दिली होती. अट एकच, विकायचं नाही.

असो. अल्बम मी विकत घेतलाय. फुकट ऐकूनच तर चटक लागली ना!